वाराच्या दिवशीची फटफटी

सावरकट्टीचा पहिला वार मोडला की नाही, यावर गावात तीन दिवस वाद चालला. कारण आवाज केला होता विमानानं.

वार म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, पण लांबच्या माणसासाठी सांगते. लक्ष्मीची यात्रा भरायच्या आधी गाव पाच मंगळवार पाळतं. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जातं फिरत नाही, उखळात मुसळ पडत नाही. बैलांच्या घुंगुरमाळा खुंटीला टांगायच्या, गाडा जुंपायचा नाही, कुऱ्हाड उचलायची नाही, बोलायचं तेसुद्धा कानाशी. देवी त्या दिवशी गावातून चालते आणि तिची पावलं तिला ऐकू आली पाहिजेत, असं म्हातारी माणसं सांगतात. आवाज झाला तर वार मोडला, आणि एक मोडला की पाचही पहिल्यापासून. शिवाय पहिल्या वारापासून यात्रेपर्यंत घरच्या सुनेनं वेशीबाहेर रात्र काढायची नाही. दुखणं आलं तर मात्र देवी कुणाला अडवत नाही.

सत्तेचाळीस साल नुकतं लागलं होतं. लढाई संपली तरी सांबऱ्याच्या तळावरनं एखादं विमान अजून उठायचं. ते नेमकं त्या मंगळवारी भर दुपारी देवळावरनं घरघरत गेलं. देवळाचे मानकरी मारुतीराव, वयानं सत्तरीच्या पुढचे. त्यांनी शेवटी निकाल दिला.

"शीव जमिनीला असती. आभाळाला शीव न्हाय. वार मोडला न्हाय."

सगळ्यांना बरं वाटलं. सगळ्यांत जास्त बरं वाटलं मालुबाईला, कारण ती पोटुशी होती आणि तिचे दिवस यात्रेच्या आगेमागेच भरत होते. वार पुढं ढकलले असते तर ती सापडली असती ऐन वारांत.

मालुबाई भरमूची बायको. पहिलं मूल घरातच गेलं, सुईणीच्या हातात. दुसऱ्या वेळी तिला गाडीत घालून बेळगावला न्यायला निघाले, तर उचगाव यायच्या आधीच सगळं आटोपलं. बैलगाडीला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला, त्यात बैलांची काय चूक? या खेपेला बेळगावच्या बायकांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिचं पोट चाचपून सांगितलं होतं, "मूल आडवं आहे. पहिली कळ आली की निघायचं. दुसरीची वाट बघायची नाही."

आईबाप असते तर पहिल्या वाराआधीच माहेरी जाऊन राहिली असती. माहेर म्हणून आता एक धाकटा भाऊ उरला होता, अंबाजी. तो लढाईत निरोप्याच्या फटफटीवर होता, इटलीपर्यंत जाऊन आलेला. परत आल्यावर बेळगावच्या कॅम्पातल्या एका गॅरेजात लागला आणि लष्कराच्या लिलावात त्यानं एक हिरवी फटफटी घेतली, बाजूला माणूस बसायची डोली जोडलेली. साइडकार म्हणायचं तिला. पण गाव डोलीच म्हणायचं.

"आक्का, तुला मी नेतो," अंबाजी म्हणाला होता. "घटकाभरात दवाखान्याच्या दारात."

"आणि वाराला कळ आली तर?"

"तर वाराला नेतो."

"तुझी फटफटी उचगावात वरडती ते हितं कळतंय रं. देवीच्या कानाखाली ते वाजवत नेणार मला?"

अंबाजी हसला, पण आक्का हसली नाही. दोन मुलं गेलेल्या बाईचा देवीशी काय हिशेब असतो तो भावाला कसा कळणार! तिच्या मनात एवढंच पक्कं बसलं होतं, की हे तिसरं मूल देवीला न दुखवता जगात यायला पाहिजे. फटफटी गप्प झाल्याशिवाय वाराच्या दिवशी ती त्या डोलीत पाय ठेवणार नव्हती. माणसांच्या खांद्यावरनं बाजेवर जाईल, पण वार मोडणार नाही. आणि बाजेला लागतो बैलगाडीच्या दुप्पट वेळ.

अंबाजी मारुतीरावांकडं गेला. म्हातारा पानाचा विडा जमवत होता.

"अण्णा, फटफटीला बैल नसत्यात. म्हंजे जुंपणं आलंच न्हाय."

"न्हाय आलं."

"मग चालंल?"

"जुंपणं न्हाय, पण बोंबलणं हाय की." मारुतीरावांनी चुना लावला. "देवळाच्या मंडपात बसून मला ऐकू आली न्हाय तर ने. मला कमी ऐकू येतंय अशा भरवशावर मात्र राहू नगंस. कान माझं पोरासोरांपेक्षा बरं हायत."

तेव्हा काम ठरलं. फटफटीचा आवाज मारायचा.

धुराची जुनी नळी गंजून फुटली होती. अंबाजीनं ती काढून गॅरेजात नवी करायला घेतली. पहिल्यांदा त्यानं सरळ विचार केला: भोक बारीक केलं की आवाज कमी. शेपटाकडं नळी चिमटली आणि आत भोकं पाडलेल्या चकत्या बसवल्या. मांजरासारखी चालायला लागली. मग त्यानं डोलीत वाळूची दोन पोती टाकली, आक्काच्या वजनाची, आणि सावरकट्टीच्या वेशीसारखा चढ गाठला. निम्म्यात फटफटीनं मान टाकली.

गॅरेजचा मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, नाक दाबून घाट चढ म्हणालास तर तू तरी चढशील का? आत घेतलेला श्वास बाहेर सोडायला नको?"

दुसऱ्या खेपेला अंबाजीनं पेट्रोलचे जुने डबे कापून त्यांचा पत्रा वळला आणि मांडीएवढं लांब-रुंद नळकांडं केलं. त्याच्या मधोमध भोकं भोकं पाडलेली सरळ नळी, आणि नळी नि पत्रा यांच्यामधली जागा लेथवर पडलेल्या लोखंडाच्या किसानं गच्च भरली. धूर सरळ निघून जायचा आणि आवाज मात्र त्या किसात मुरायचा. दिसायला ते इतकं वाईट होतं, की मिस्त्री म्हणाला, फटफटीला मूळव्याध झाली. पण आवाज खाली आला. देवळाइतक्या अंतरावरनं कोंबड्यांच्या कलकलाटात तो ओळखूही येईना.

इथं एखाद्याला वाटेल, झालं. झालं नाही. इंजिन काय आणि संसार काय, एका टोकाला नवं आणलं की दुसऱ्या टोकाला आपोआप कुरबूर सुरू होते. श्वास मोकळा सुटायला लागल्यावर इंजिन हवाही जास्त ओढू लागलं, आणि पेट्रोल मिळत होतं तेवढंच. अंबाजीनं प्लग काढून बघितला तर चुन्यासारखा पांढरा, म्हणजे इंजिन आतून उपाशी आणि तापलेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे चालता चालता वेगाची मूठ सोडली की मागच्या नळीत उरलंसुरलं पेटायचं आणि एकच बार व्हायचा, फट्! बंदुकीसारखा. सगळ्या वाटेनं गुपचूप चालून शेवटी एवढंच बोलायची.

आता पेट्रोल वाढवायचं. कार्ब्युरेटरच्या आत एक बारीक सुई असते, तिच्या डोक्याकडं खाचा असतात. कुठल्या खाचेत चिमटा बसवला यावर सुई वर राहते की खाली, आणि तितकंच पेट्रोल आत येतं. अंबाजीनं पेट्रोलचं भोक थोडं मोठं केलं आणि रोज संध्याकाळी एकेक खाच बसवून बघितली. मधल्या खाचेला फटफटी पोती घेऊन मजेत चढायची, पण मूठ सोडली की बार. सुई अगदी वर घेतली की बार बंद, नावालाही नाही. पण मग इंजिनाला जास्त व्हायचं, काळा धूर, प्लगवर काजळी आणि चढाला ओढ कमी. दोन पोती घेऊन चढली, नाही असं नाही. खालनं धाव घेऊन, धापा टाकत चढली.

त्यानं हे आक्काला जसंच्या तसं सांगितलं. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"दोन्ही एका खाचेत बसत न्हाय, आक्का. एक तर गप्प राहती, न्हायतर ओढती."

"गप्प राहती ती खाच लाव."

"हळू चालंल."

"बाजेपेक्षा हळू?"

"तेवढी न्हाय."

"मग लाव."

दर सोमवारी संध्याकाळी अंबाजी फटफटी घेऊन बहिणीकडं मुक्कामाला यायचा आणि मंगळवारचा दिवस गोठ्याशेजारी बसून काढायचा. दुसरा वार गेला, तिसरा गेला, चौथा गेला. गावात यात्रेची तयारी जोरात सुरू झाली. घरं सारवून झाली, लेकीबाळींना निरोप गेले, गुळाच्या ढेपा आल्या. मालुबाई तेवढी दर मंगळवारी सकाळी उठून पोटावर हात ठेवायची, आणि सूर्य मावळला की श्वास सोडायची.

पाचव्या वारी, न्याहारीच्या वक्ताला, तिला कळ आली.

तिनं भरमूकडं बघितलं. भरमू आधीच उठला होता. त्यानं आणि अंबाजीनं फटफटी ढकलत अंगणात आणली, डोलीत गोधडी अंथरली, मालुबाईला बसवलं. अंबाजीनं लाथ मारली. फटफटी भरल्या घशानं गुरगुरली, बस. भरमूचा चेहरा सुटला.

तेवढ्यात सासू, चंपाबाई, कमरेला पदर खोचून बाहेर आली आणि अंबाजीच्या मागं चढून बसली.

"आत्या, तुमी?" अंबाजीनं कुजबुजत विचारलं.

"मग काय एकटी जाणार ती? बाळंतपणाला थोरली बाई नको बरोबर? तुझी आई असती तर ती बसली असती. चल."

आमच्याकडं कुठलीही बाई बाळंतपणाला एकटी जात नाही, हे अंबाजीला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? लहानपणापासून बघितलेलं. पण पोती भरताना त्यानं बहीण मोजली होती आणि सासू मोजायची राहिली होती. चंपाबाई काही हलकी नव्हती.

बोलायला वेळ नव्हता आणि परवानगीही नव्हती. निघाले.

वाराच्या दिवशीचं गाव ज्यानं बघितलं नाही त्याला ती शांतता सांगता येत नाही. दारादारात माणसं उभी होती. कुणी हाक मारली नाही, विचारलं नाही. एका बाईनं लांबूनच मालुबाईकडं बघून पदर पुढं केला, ओटी घेतल्यासारखा. फटफटीचा आवाज त्या शांततेत अंबाजीला लष्करी ट्रकसारखा वाटत होता. आजवर त्यानं तो कोंबड्यांत, जात्यांत, हाकांत तोलला होता. तरी तो घुमत नव्हता. हे बरं होतं.

गावाबाहेर पडायला एकच रस्ता, देवळाचा चढ. वर देऊळ, देवळापाशी वळण, तिथंच वेस आणि पलीकडं उतार. अंबाजीनं खालनं धाव घेतली. निम्म्या चढाला इंजिन खोल खोल जायला लागलं, मागं काळा धूर सुटला, आणि एक उचकी देऊन सगळं थांबलं.

चंपाबाई उतरली. "व्हा म्होरं. मी चालत येती."

अंबाजीनं प्लग काढला. काजळीनं भरला होता. सदऱ्याला पुसून परत बसवला. लाथ मारली. सुरू झाली, चार हात सरकली, परत उचकी. खालनं धाव घेऊन चढणं वेगळं आणि मध्येच उभं राहून ओढणं वेगळं. मागं गावात उतरून पुन्हा धाव घ्यायची तर तेवढी ताकद फटफटीत उरली नव्हती. ढकलत चढवायला चार माणसं लागली असती, आणि हाक मारायची सोय नव्हती. दुसरी कळ येऊन गेली होती. मालुबाईनं डोलीचा काठ धरला होता आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

"अंबू."

"आक्का."

"मधल्या खाचेला चढंल?"

"चढंल. आत्या नसल्या तर एका दमात चढंल."

"आणि?"

"आणि वळणावर मूठ सोडायला लागली तर बार व्हईल. सोडणार न्हाय म्या. पण झाला तर देवळाच्या दारात व्हईल."

तिनं वर देवळाकडं बघितलं. कळसाची सावली रस्त्यावर पडली होती. मग तिनं सासूकडं बघितलं. चंपाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती आणि बोलली असती तर नक्की काहीतरी मोठं बोलली असती, पण ती दुसरीकडं बघत होती.

आपल्या घरच्या दुःखात सगळ्या गावाचे पाच मंगळवार ओढायचे. कुणाच्या लेकी निघालेल्या, कुणाचा गूळ आलेला. मालुबाईला हे सगळं माहीत होतं. यात्रेच्या कामाला पदर खोचून गेले महिनाभर तीच सगळ्यांत पुढं होती.

"फिरव सुई," ती म्हणाली.

अंबाजी हलला नाही.

"म्या सांगते रं. फिरव."

त्यानं कार्ब्युरेटरचं झाकण खोललं, सुई ओढून काढली आणि चिमटा मधल्या खाचेत बसवला. प्लग पुन्हा पुसला. हे काम त्यानं इटलीत बर्फातही केलेलं होतं. लाथ मारली. फटफटी पहिल्यांदाच त्या दिवशी मोकळा श्वास घेतल्यासारखी उठली, आणि चढाला लागली.

वळणावर देवळाच्या भिंतीला टेकून एक वासरू उभं होतं. ते रस्त्यात आलं. अंबाजीनं ब्रेक दाबला. मूठ तशीच धरून ठेवायची त्यानं शिकस्त केली, पण वासरू हलेना, आणि डोलीत बहीण होती. त्यानं मूठ सोडली.

फट्!

एकच. पण देवळाच्या दगडी भिंतीवर आपटून तो गावभर गेला. कावळे उठले. मंडपात मारुतीराव बसले होते ते उभे राहिले. कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायचा दिवस नव्हता. वासरू तेवढं पळालं.

"चल," मालुबाई म्हणाली. "आता थांबून काय?"

दवाखान्यात नर्सबाईनं वेळेत आलात म्हणून सांगितलं आणि मालुबाईला आत नेलं. दिवस कलताना मूल झालं. मुलगी. आधी निळी होती, मग रडली. अंबाजी बाहेर फटफटीच्या चाकाशी बसला होता. रडणं ऐकून तो उठला नाही, आणखी थोडा वेळ तिथंच बसला.

भरमू आणि चंपाबाई चालत रात्रीचे पोचले. चंपाबाईनं नात मांडीवर घेतली. भरमूनं बायकोला सांगितलं, "वार मोडला म्हणून सांगितलं अण्णांनी. पुढल्या मंगळवारपासनं पहिल्यापासनं. यात्रा उन्हाळ्यावर गेली."

"लोकं काय म्हणाली?"

"काय न्हाय."

"कायच न्हाय?"

"कायच न्हाय म्हंतोय न्हवं."

मालुबाईला वाटलं, कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

सोमवारी तिनं घरी जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहिला वार होता, आणि सुनेनं वेशीबाहेर रात्र काढायची नव्हती. नर्सबाई रागावली. मालुबाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि डोलीत जाऊन बसली.

वाटेत अंबाजी म्हणाला, "आक्का, अण्णांना म्या सांगतो. चूक माझी. वजन मोजायला चुकलो, खाच म्या बदलली. मी परगावचा माणूस, माझा दोष तुझ्या घराला लागत न्हाय. रीतच हाय तशी. तू गप बस."

तिनं पोरीच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं.

देवळापाशी अंबाजीनं फटफटी बंद केली. मारुतीराव पायरीवर बसले होते. अंबाजी खाली उतरला आणि हात जोडून बोलायला लागला, "अण्णा, त्या दिवशी म्या..."

"त्यानं न्हाय," मालुबाई डोलीतनं म्हणाली. "म्या सांगितलं त्याला. दोनदा सांगितलं. तो हलत नव्हता."

अंबाजीनं मान खाली घातली. मारुतीराव तिच्याकडं वळले.

"वार मोडंल ते म्हाईत हुतं?"

"म्हाईत हुतं."

"तरी सांगितलंस."

"तरी सांगितलं, अण्णा."

"मग दोष घराला लागला." म्हाताऱ्याचा आवाज रागाचा नव्हता. पाणी किती खोल आहे ते सांगावं तसा होता. "वार मोडलेल्या घरानं यात्रेला ओटी भरताना सगळ्या गावाच्या मागं उभं राहायचं. शेवटी. मानाची घरं झाली, मग बाकीची, मग परगावची, मग तुमी. तुझी सासू पहिल्या दहांत असती, म्हाईत हाय न्हवं तुला?"

"म्हाईत हाय."

"तिला सांगितलंस?"

"ती हुती तिथं. तिनं अडवलं न्हाय."

पायरीवरनं उठायला मारुतीरावांना हाताचा आधार घ्यावा लागला. ते डोलीपाशी आले आणि वाकून आत बघितलं. पोरगी झोपली होती.

"शेवटी उभं राहायचं म्हंजे दुपार टळती," ते म्हणाले. "उन्हाळ्याची यात्रा. पोरीला टोपडं घालून आण."